जॅकेट प्लॅटफॉर्मवरील लाटांचे कंपन: प्रकल्पासाठी स्पेक्ट्रम पद्धत घ्यावी की कालक्रम पद्धत?

सेवाग्राम, पुसद किंवा बडनेऱ्याला सिव्हिलच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने समुद्रातील तेलविहिरीच्या जॅकेट प्लॅटफॉर्मचा, म्हणजे समुद्रतळावर उभ्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावरील (जॅकेटवरील) प्लॅटफॉर्मचा, विषय घेतला, की ‘इथे समुद्र कुठे आहे?’ हा प्रश्न ठरलेलाच असतो. मात्र त्यातील मूळ गणित गावातल्या उंच पाण्याच्या टाकीचेच आहे: खाली खांब, वर वजन, आणि टाकी भरली की तिचा नैसर्गिक आवर्तकाल (एक पूर्ण झोका घ्यायला लागणारा वेळ) वाढतो. प्लॅटफॉर्मच्या बाबतीत पायांच्या नळ्यांसोबत हलणारे भोवतालचे पाणी आणि त्यांवर साचणारे शेवाळ व शिंपले हे वजन वाढवतात. खरा निर्णय विषयाचा नसून पद्धतीचा आहे: लाटांचे वारंवारितेनुसार तुकडे करून प्रत्येकाचा परिणाम काढायचा (स्पेक्ट्रम पद्धत), की लाट आणि कंपन क्षणाक्षणाने सोडवत जायचे (कालक्रम पद्धत)?

पद्धत निवडण्यापूर्वी आवर्तकाल काढावा. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्रात पाणी साधारण ७५ ते ८० मीटर खोल आहे. एवढ्या खोलीतल्या पोलादी जॅकेटचा आवर्तकाल २ सेकंदांच्या आसपास धरून पाहू. वादळातील मोठी लाट १० सेकंदांची असेल, तर कंपनामुळे होणारी वाढ जेमतेम ४ टक्के येते. म्हणजे सर्वांत भीतिदायक लाटेसाठी कंपन न धरता केलेले साधे स्थैतिक गणितही जवळपास पुरते. उलट ३ सेकंदांच्या किरकोळ लाटेला हीच वाढ सुमारे १.८ पट होते आणि लाट २ सेकंदांची असून अवमंदन (कंपन विझवणारा रोध) २ टक्के असेल, तर ती २५ पटींवर जाते. या लाटांचे बल लहान असले तरी त्या दिवसरात्र येत राहतात. सरासरी ६ सेकंदांना एक लाट धरली, तरी दिवसाला १४,४०० आणि वर्षाला ५२ लाखांहून अधिक फेरे होतात. जोडांच्या वेल्डिंगमध्ये ताणाचा पल्ला दुप्पट झाला, की फटिगचे (पुन्हापुन्हा येणाऱ्या ताणाने धातू थकून तडकण्याचे) नुकसान साधारण आठपट होते. त्यामुळे उथळ पाण्यातील जॅकेटच्या कंपनाचा प्रश्न हा मुख्यतः जोडांच्या आयुष्याचा प्रश्न आहे, असे माझे मत आहे.

स्पेक्ट्रम पद्धत नेमकी इथे उपयोगी पडते. लाटांची ऊर्जा कोणत्या वारंवारितेला किती असते हे सांगणारा १९६४ चा पिअरसन–मॉस्कोविट्झ किंवा १९७३ चा जॉनस्वॅप स्पेक्ट्रम घ्यायचा, प्रत्येक वारंवारितेला जोडातील ताण किती येतो याचे हस्तांतरण फलन काढायचे आणि दोन्हींवरून ताणाचे स्पेक्ट्रम मिळवायचे. वर्षभरातल्या अनेक समुद्रस्थितींसाठी हे गणित साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत होते. तिची अट एकच, पण कडक आहे: सर्व काही रेषीय असले पाहिजे, म्हणजे कारण दुप्पट झाले तर परिणामही दुप्पटच व्हायला हवा. नळीवरचे लाटेचे बल काढणाऱ्या मॉरिसन समीकरणातले (१९५०) जडत्वबल पाण्याच्या त्वरणाच्या प्रमाणात असल्यामुळे ते या अटीत बसते. ड्रॅग (वाहत्या पाण्याचे ओढबल) मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे त्याला ओढूनताणून रेषीय करावे लागते.

या ओढाताणीत काय हरवते, हे नीट पाहण्यासारखे आहे. शुद्ध साइन लाटेच्या ड्रॅगचे फूरिए विघटन केले (म्हणजे ते वेगवेगळ्या वारंवारितांच्या साइन घटकांत फोडले), तर मूळ वारंवारितेसोबत तिप्पट वारंवारितेचा घटकही मिळतो आणि तो मूळ घटकाच्या एक पंचमांश असतो. म्हणजे १२ सेकंदांची वादळी लाट ४ सेकंदांच्या आवर्तकालाच्या उंच जॅकेटला थेट अनुनादात (बलाचा आणि झोक्याचा ताल जुळून) हलवू शकते, आणि रेषीय स्पेक्ट्रम पद्धतीला त्याचा पत्ताही लागत नाही. कालक्रम पद्धत हा घटक पकडते. शिवाय लाट चढता-उतरताना नळीची भिजलेली लांबी बदलते, तेही तिच्यात धरता येते.

किंमतही तशीच मोजावी लागते. तीन तासांचे एक वादळ ०.१ सेकंदाच्या पायरीने सोडवले, तर १,०८,००० पायऱ्या होतात, आणि लाटा यादृच्छिक असल्यामुळे एकाच वादळाची अनेक रूपे चालवावी लागतात. खेड्यात घरी बसून हे करणाऱ्याने दर काही हजार पायऱ्यांनी निकाल फाइलमध्ये साठवण्याची सोय प्रोग्राममध्येच करावी. नाहीतर रात्री लोडशेडिंग झाले आणि लॅपटॉपची बॅटरी जुनी असली, तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

तेव्हा आवर्तकाल २ सेकंदांच्या आसपास असेल आणि प्रश्न फटिगचा असेल, तर एका सत्राच्या प्रकल्पासाठी स्पेक्ट्रम पद्धतच घ्यावी. लहान लाटांत जाड पायांवर जडत्वबलाचेच वर्चस्व असते, त्यामुळे रेषीयतेचा दोष फारसा जाणवत नाही. आवर्तकाल ३ सेकंदांच्या पुढे असेल आणि वादळातील कमाल प्रतिसाद हवा असेल, तर कालक्रम पद्धतीला पर्याय नाही. मेक्सिकोच्या आखातात ४१२ मीटर पाण्यात १९८८ मध्ये उभारलेला बुलविंकल प्लॅटफॉर्म हा दुसऱ्या गटातला. पण अशा जॅकेटचा संपूर्ण त्रिमितीय नमुना पदवीच्या प्रकल्पात घेऊ नये. एका वस्तुमानाचे प्रतिरूप पायथनमध्ये लिहून त्यावर कालक्रम पद्धत चालवली, तरी तिप्पट वारंवारितेचा परिणाम स्पष्ट दिसतो.

स्पेक्ट्रम पद्धत घेणाऱ्याने वारंवारिता समान अंतराने निवडू नयेत. पायांमधले अंतर २८ मीटर असेल, तर ६ सेकंदांच्या सुमारे ५६ मीटर लांब लाटेत एका पायावर शिखर आणि दुसऱ्यावर दरी येते आणि एकूण बल बरेचसे रद्द होते. त्याहून आखूड, २८ मीटरच्या लाटेत दोन्ही पायांवरची बले पुन्हा एकत्र येतात. असे चढ-उतार आणि अनुनादाचे टोक जिथे आहे, तिथे बिंदू दाट घ्यावेत, नाहीतर जोडाचे काढलेले आयुष्य कागदावरच लांबते.