मिक्सरची बदनामी आणि 1,250 रुपयांचा मीटर

कंपनीचं नाव लिहीत नाही. ऑनलाइन शोधलंत तर याच पांढऱ्या डबीचे चार-पाच जुळे भाऊ वेगवेगळ्या नावांनी विकायला बसलेले दिसतील, आणि मी जी तक्रार करणार आहे ती बहुधा सगळ्यांनाच लागू असेल. वस्तू म्हणजे प्लगमध्ये खोचायचा वीजमीटर. भिंतीच्या सॉकेटमध्ये हा खोचायचा, याच्या पोटात फ्रिजचा किंवा टीव्हीचा प्लग खोचायचा. मग त्या क्षणी किती वॉट चाललेत आणि आतापर्यंत किती युनिट झाले ते छोट्या पडद्यावर दिसतं. मला 1,250 रुपयांना पडला. दीड वर्ष वापरतेय.

आधी माझ्याबद्दल थोडं, कारण हा मीटर मी हौसेनं घेतलेला नाही. मी 11 वर्षं बातमीदार होते. त्यातली शेवटची सहा फक्त हवामानबदल. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूरला महापूर आला तेव्हा मी शिरोलीजवळ महामार्गावर उभी होते. पुणे-बंगळुरू रस्ता पाण्याखाली आणि मागे ट्रकची न संपणारी रांग. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे, त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. जीव तोडून बातमी लिहिली. जुलै 2021 मध्ये पुन्हा पूर आला. त्या रात्री डेडलाइनला अर्धा तास होता म्हणून मी 2019 ची माझीच बातमी उघडली, आकडे बदलले, तारखा बदलल्या आणि पाठवून दिली. छापून आली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. माझ्या मात्र आलं.

पुढच्या वर्षी पुण्यातल्या एका छोट्या एनर्जी ऑडिट करणाऱ्या, म्हणजे कुठे किती वीज वाया जाते ते तपासणाऱ्या फर्ममध्ये लागले. माझी बीएस्सी फिजिक्सची, पण ती घेऊन काही ऑडिटर होता येत नाही. फर्म चालवणाऱ्या सरांना माणूस हवा होता तो रिपोर्ट लिहायला. "आमचे इंजिनिअर 90 पानं लिहितात आणि मालक ती कपाटात ठेवतो," ते म्हणाले. "तुम्ही पाच ओळीत लिहा." पगार थोडा जास्त, लोकांच्या नजरेतला मान बराच कमी. आई म्हणाली, "व्हय गं, पेपरात नाव यायचं तुझं. आता लोकांची लाइटबिलं बघत फिरणार?"

तर मीटरचं पहिलं गिऱ्हाईक आईचंच घर.

आईच्या मते घरात वीज खातो तो मिक्सर. सकाळी चटणी वाटताना ती इतरांना पंखा बंद करायला लावते, इतका तिचा त्याच्यावर राग. मीटर लावला. 500 वॉट, दिवसाला जेमतेम पाच मिनिटं. म्हणजे महिन्याला सव्वा युनिट. जे यंत्र आरडाओरडा करतं तेच वीज खातं असा आपला सगळ्यांचा समज आहे, आणि तो मिक्सरच्या मुळावर आलाय. खरा खादाड कोपऱ्यात गप्प उभा होता. चोवीस वर्षांचा फ्रिज, दिवसाला 3.1 युनिट. दाराचं रबर एका बाजूनं सैल, पाठ भिंतीला टेकलेली. रबर बदललं, फ्रिज वीतभर पुढे ओढला, तो 2.4 वर आला. महिन्याला 21 युनिट वाचले, ओढाताणीत आईची फरशी मात्र चरली. ते अजून ऐकवते.

सेट-टॉप बॉक्सनं तर मला उडवलंच. चालू असताना 9 वॉट. रिमोटनं बंद केला, लाल दिवा लागला, तरी 8 वॉट. बंद होतो तो फक्त टीव्ही, बॉक्स जागाच असतो. रोज वीस तास असा 'बंद' राहिला तर वर्षाला 58 युनिट. बटण भिंतीवरून दाबा.

आता तक्रारी. पडद्याला मागून उजेड नाही, आणि आपल्याकडे फ्रिजचं सॉकेट कुठे असतं? फ्रिजच्या मागे. म्हणजे आकडा वाचायला जमिनीवर आडवं व्हायचं, तोंडात मोबाइलचा टॉर्च. मीटरची पिन मोठी, 16 अँपिअरची. टीव्हीमागे सॉकेट 6 चं. कन्व्हर्टर वेगळा आणावा लागला. आतला बटणसेल सहा महिन्यांत संपला आणि वीज गेली तेव्हा सात दिवसांची नोंद पुसली गेली. शिवाय दोन वॉटच्या खाली तो सरळ 0 दाखवतो, त्यामुळे नुसता लटकलेला मोबाइल चार्जर किती खातो हे त्याला विचारू नका. छताचा पंखा याला मोजता येत नाही, कारण तो प्लगवर नसतो. आपल्या घरांत पंखेच सगळ्यात जास्त तास फिरतात, तेव्हा ही उणीव लहान नाही. जुना पंखा 70-75 वॉट घेतो आणि वीज वाचवणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास, हे मला कामावरच्या दुसऱ्या यंत्रामुळे कळलं, याच्यामुळे नाही.

सगळ्यात फसवं आहे ते 'रुपये' दाखवणारं बटण. मीटर तुमच्याकडे युनिटचा एकच दर मागतो. महावितरणचं घरगुती बिल चालतं टप्प्यांनी: 100 युनिटपर्यंत एक दर, 300 पर्यंत त्याहून चढा, 500 पर्यंत आणखी चढा. त्यावर वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क. लोक बिलाची रक्कम भागिले युनिट करून सरासरी दर भरतात. पण वाचवलेला युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातून कमी होतो. म्हणजे 100 युनिटांच्या वर गेलात की मीटर बचत बहुधा कमी सांगतो. तुमच्या बिलातल्या शेवटच्या टप्प्याचा दर भरा, त्यात वहन आकार आणि शुल्क मिळवा. माहितीपुस्तिकेत हे कुठेही नाही. ती बहुतेक चिनीतून आलेली आहे. एका पानावर 'कृपया उपकरण खाऊ नये' असंही आहे.

कारखान्यात हा मीटर निरुपयोगी. तिथे थ्री-फेज, तिथे वायरभोवती चिमटे लावायचं यंत्र लागतं. पण सवय त्याच जातीची. गेल्या वर्षी मी पुन्हा शिरोलीत गेले, एका फाउंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात. जिथे ट्रकची रांग बघत उभी होते तिथून दहा मिनिटांवर. साच्यांवरची वाळू झटकायला, यंत्रं चालवायला, सगळीकडे दाबाची हवा. एक कामगार पाइपनं अंगावरची धूळ उडवत होता. मी बघतेय म्हटल्यावर हसला. "मॅडम, हवा हाय की, फुकटची!" सुट्टीच्या दिवशी सगळं बंद ठेवून फक्त ती हवा दाबून भरणारा 37 किलोवॉटचा कॉम्प्रेसर चालू केला. हवा कुणीही वापरत नव्हतं, तरी तो दीड मिनिट लोड घ्यायचा, म्हणजे हवा भरायचा, चार मिनिटं थांबायचा, परत दीड मिनिट. साडेपाचातलं दीड, म्हणजे 27 टक्के हवा नुसती गळत होती. जवळजवळ 10 किलोवॉट. शेड शांत झाल्यावर ती ऐकूही येत होती, दहा ठिकाणी फुसफुस. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन दोन दिवस फुगे शोधले. रोज 20 तास, वर्षाला 300 दिवस धरले तर 60,000 युनिट. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे 42 टन. रबरी वॉशर आणि नवे पाइप बसवून.

सहा वर्षांत माझ्या कुठल्याही बातमीनं 42 टन वाचवले असतील असं मला वाटत नाही. उलट मला 2015 आठवतं. त्या जानेवारीत एलईडी बल्बची उजाला योजना सुरू झाली आणि मी ती आतल्या पानावर दोन कॉलमात टाकली होती. सरकार घाऊक खरेदी करत गेलं आणि 2014 मध्ये 310 रुपयांना पडणारा बल्ब दोनेक वर्षांत 38 रुपयांवर आला. मोठी बातमी ती होती. पण बल्बमध्ये पूर नव्हता ना.

आणि तरी. आठ महिन्यांनी त्या फाउंड्रीचं बिल बघितलं तर एकूण युनिट वाढलेले. चूक कुठे झाली म्हणून मी घाबरत फोन केला. मालक खूश. "मॅडम, टनामागं खर्च कमी झाला ना, आता तिसरी शिफ्ट परवडत्या." हे नवं नाही. वाफेची इंजिनं कमी कोळशात चालायला लागली तेव्हा इंग्लंडमध्ये कोळसा जास्तच जळायला लागला, हे जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञानं 1865 मध्ये लिहून ठेवलंय. मी स्वतः यावर एक स्तंभ लिहिला होता, बराच शहाणा. आता रिपोर्टमध्ये 42 टन टाइप करताना बोट थोडं थबकतं. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "हवा गळू दिली असती तर तिसरी शिफ्ट थांबली असती का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईचंही तेच. फ्रिजचे 21 युनिट कळल्यावर तिचा पहिला प्रश्न: "मग आता एक एसी बसवूया का? मे महिना सोसवत नाही बघ."

घ्यावा का? घरटी एक घेऊ नका, आठवडाभरात काम संपतं आणि मग तो ड्रॉवरमध्ये पडतो. सोसायटीनं किंवा गल्लीनं मिळून एक घ्या आणि फिरवा. पाचपैकी साडेतीन तारे. उजेड असता तर चार.

माझा सध्या आईच्या शेजारच्या काकूंकडे आहे. त्यांच्या देवघराशेजारी प्लगच्या होल्डरमध्ये लाल झिरो बल्ब आहे, लग्नापासून रात्रंदिवस चालू. काल त्यांचा फोन आला, आवाजात जरा संशय.

"तुझा मीटर बिघडलाय बघ. झिरो बल्बला 14 दाखवतोय."