नागलीचं थालीपीठ, ताक आणि साखरेचा फलक: मुलाच्या शाळेचं कॅन्टीन

माझा मुलगा नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूच्या एका सीबीएसई शाळेत सातवीत आहे. पुढे तक्रारीही आहेत, म्हणून शाळेचं नाव लिहीत नाही. जूनपासून तिथलं कॅन्टीन बदललंय आणि तीन पालकसभांना मी तिथे पोटभर खाल्लंय.

आधी तिथे काचेच्या कपाटात सामोसे, वेफर्सच्या माळा आणि थंड बाटल्यांचा फ्रीज असायचा. मुलगा डबा अर्धा परत आणायचा. मला वाटायचं, भाजी आवडली नसेल. मागच्या वर्षी ताप आला म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा अकराव्या वर्षी वजन 56 किलो भरलं. वर्गात त्याला ‘ढोल्या’ म्हणतात, हे त्याने मला त्या दिवशी काट्यावरून उतरताना पहिल्यांदा सांगितलं. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

आता कॅन्टीन एका बचत गटाच्या चौघीजणी चालवतात. मुलं त्यांना मावशी म्हणतात. थालीपीठ 25 रुपये. ओल्या फडक्यावर थापायचं, मधे भोक पाडायचं, तव्यावर उलटं टाकून फडकं अलगद सोडवायचं. तेल चमच्याने, भोकात थोडं आणि कडेने थोडं, बस. भाजणीत नागली, म्हणजे नाचणी, भरपूर, त्यामुळे रंग काळपट. सुरुवातीला मुलांनी नाकं मुरडली, आता दुसरं मागतात. सोबत घट्ट दही. मटकीची भेळ 20 रुपये: मोड आलेली मटकी, काकडी, कांदा, लिंबू आणि वरून चिमूटभर शेव. ती शेव काढून टाकली असती तर पोरं फिरकलीच नसती, हे मावशींना बरोबर कळतं. ताक 10 रुपये, आलं-जिरं लावलेलं, स्टीलच्या ग्लासात. मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

काउंटरशेजारी साखरेचा फलक आहे, कशात किती साखर असते ते दाखवणारा. मे 2025 मध्ये सीबीएसईने शाळांना असे फलक लावायला सांगितले. त्या पत्रकात दिलंय की 11 ते 18 वयाच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी 15 टक्के साखरेतून येतात, आणि यायला हवेत 5 टक्के. छापील पोस्टर लावूनही काम भागलं असतं. इथे आठवीच्या मुलांनी रिकाम्या बाटल्या टांगल्यात आणि प्रत्येकीखाली, तिच्यातल्या पेयात असते तेवढीच साखर पारदर्शक पिशवीत भरून ठेवलीय. कोलाच्या 250 मिलीच्या बाटलीखालच्या पिशवीवर 26 ग्रॅम लिहिलंय. पाच-सहा चमचे. दिवसभराची मर्यादा साधारण 25 ग्रॅमची, म्हणजे ती एका बाटलीत संपली. मुलाने पिशवीला बोट लावून विचारलं, “आई, मी रोज एवढी प्यायचो?” मी हो म्हटलं आणि त्याला जवळ घेतलं.

फलकावर कुठेही लठ्ठ मुलाचं चित्र नाही. ज्याने कुणी हे ठरवलं, त्याचे मी मनापासून आभार मानते. माझ्या मुलाला तिथे उभं राहायला लाज वाटत नाही.

आता खटकलेलं. फ्रिजमध्ये फळांचं चित्र असलेली गोड पेयांची खोकी अजून आहेत, फलकाला अगदी लागून. ती काढायलाच हवीत. मधली सुट्टी 20 मिनिटांची आणि तवे दोन, त्यामुळे पाचवीतली छोटी मुलं रांगेत मागे ढकलली जातात. माझा मुलगाही दोनदा उपाशी परत आला. सकाळीच टोकन दिलं तर हे सुटेल, असं मी मावशींना सुचवलंय.

खरा त्रास फाटकाबाहेर आहे. शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 2020 चा नियम आहे. मी पावलं मोजली. बत्तीसाव्या पावलावर टपरी आहे आणि सुट्टी झाली की तिथे गर्दी उसळते. शाळेला विचारलं तर ‘ते आमच्या हद्दीबाहेर आहे’ असं उत्तर मिळालं. थंड पेयांवर सरकार 40 टक्के जीएसटी घेतं, तरी 20 रुपयांची बाटली खाऊच्या पैशांत आरामात बसते. पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2015-16 मध्ये 2.1 टक्के होतं, 2019-21 मध्ये 3.4 झालं. हीच मुलं आता शाळेत येताहेत. टपरीवाल्याचं पोट या विक्रीवर आहे, हे मला समजतं. त्याला हटवण्यापेक्षा उकडलेले शेंगदाणे, भाजलेलं कणीस, ताक विकायला मदत करा, असा अर्ज मी पालक संघाकडे दिलाय. इतर पालकांनीही सही करावी.

मुलाचं वजन उतरलेलं नाही, पण सहा महिन्यांत वाढलेलंही नाही आणि उंची वाढतेय. डॉक्टर म्हणाले, या वयात हेच हवं.

पाचपैकी चार तारे. पालकांना फक्त सभेच्या दिवशी आत सोडतात. थालीपीठ अकरापर्यंत संपतं आणि मावशींकडे सुटे नसतात, तेव्हा दहाच्या नोटा घेऊन जा.