अलेंड्रोनेट ७० : आठवड्याची हाडाची गोळी गावातल्या घरात नीट कशी घ्यावी

तालुक्याच्या मेडिकलात ‘हाडाची गोळी द्या’ म्हटलं की काउंटरवर दोन वेगळ्या गोष्टी येऊ शकतात. एक कॅल्शियमची, रोज जेवणासोबत घ्यायची. दुसरी अलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅमची, आठवड्यातून एकदाच आणि तीही उपाशीपोटी. हे परीक्षण दुसरीचं. सिप्लाची ऑस्टिओफॉस ७० घ्या किंवा दुसऱ्या कंपनीची, आतलं औषध तेच आणि नियमही तेच. चार गोळ्यांची पट्टी म्हणजे अठ्ठावीस दिवस.

आमचं मत आधीच सांगतो. औषध उत्तम आहे, जुनं आहे, पारखलेलं आहे. पण चुकीच्या रीतीनं घेतलं तर पैसे वाया जातात आणि अन्ननलिकेला इजा होते ती वेगळीच. ही रीत बहुतेक दुकानांत कोणी सांगत नाही आणि पट्टीवर मराठीत लिहिलेली नसते. म्हणून इतकं लांबवून लिहितो आहोत.

आधी गोळीचा उपयोग. आपल्या हाडात जुनं हाड खरवडणाऱ्या आणि नवं हाड भरणाऱ्या अशा दोन पेशी कायम कामाला असतात. पाळी गेल्यावर खरवडणाऱ्यांचा जोर वाढतो आणि हाड आतून पोकळ होत जातं. अलेंड्रोनेट हाडाच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि त्यांचा वेग कमी करतं. अमेरिकेत हे औषध १९९५ साली मान्य झालं. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मणका आधीच दबलेल्या दोन हजारांवर बायका होत्या. तीन वर्षांत औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी घेणाऱ्या १०० जणींपैकी १५ जणींचा आणखी एखादा मणका दबला, हे औषध घेणाऱ्यांत हा आकडा ८ होता. खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाणही साधारण निम्म्यावर आलं. म्हणजे फायदा खरा आहे. मात्र ही वेदनेची गोळी नव्हे. कंबर दुखायची थांबत नाही म्हणून दुसऱ्याच पट्टीनंतर ती सोडून देणारे फार आहेत, आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यांचंच होतं.

आता रीत. ७० मिलिग्रॅमच्या गोळीतलं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम औषध रक्तात पोहोचतं, तेही पोट पूर्ण रिकामं असेल तर. चहासोबत, दुधासोबत किंवा नाश्त्यानंतर घेतली तर जवळजवळ काहीच पोहोचत नाही. कॉफी किंवा संत्र्याच्या रसासोबत घेतल्यास शोषण साठ टक्क्यांनी घटतं, हे मोजून पाहिलेलं आहे. नागपूर-अमरावतीकडे संत्र्याच्या दिवसांत सकाळी घराघरात रस निघतो, तेव्हा हे लक्षात असू द्या.

सकाळी उठल्यावर तोंड धुवा आणि गोळी घ्या. त्याआधी चहा नको, खर्रा नको, मशेरी किंवा गुडाखूही नको. गोळी अख्खी गिळायची. चावली किंवा चघळली तर तोंडात, घशात फोड येतात. सोबत २०० ते २४० मिलिलिटर साधं पाणी लागतं, म्हणजे स्टीलचा नेहमीचा पेला भरून. तांब्यानं वरून ओतून पिणाऱ्यांनी त्या दिवशी तरी पेल्यालाच तोंड लावावं. वरून पिताना दोन घोट जातात आणि वाटतं, झालं. गोळी अन्ननलिकेतच चिकटून राहिली तर तिथे जखम करते.

त्यानंतर किमान अर्धा तास ताठ राहायचं. उभं राहा, चाला, नाहीतर पाठ सरळ ठेवून बसा. बाजेवर उशीला टेकून अर्धवट पडणं यात धरता येत नाही. वाकूही नका. गावात खरी अडचण इथेच येते, कारण घरातल्या म्हाताऱ्या बाईची सकाळची सगळी कामं वाकूनच असतात. सडा, झाडलोट, चूल फुंकणं, गोठ्यातलं शेण काढणं. वाकलं की पोटातलं आम्ल गोळीसकट वर येतं. त्या सकाळी ही कामं सुनेनं किंवा लेकानं करावीत, आजीनं अंगणात उभ्यानं तुळशीला पाणी घालावं, शेजारी जाऊन यावं. अर्ध्या तासानंतर आधी काहीतरी खायचं. खाईपर्यंत आडवं व्हायचं नाही. अर्ध्याऐवजी तासभर थांबता आलं तर शोषण आणखी चांगलं होतं. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटेच वावरात जावं लागत असेल तर गोळी त्याहून आधी उरकावी. झोपताना घेणं मात्र कधीच नाही.

वार ठरवताना गावच्या बाजाराचा दिवस धरला तर विसर पडत नाही. सोमवार, गुरुवार किंवा एकादशीचा कडक उपास धरणाऱ्यांनी तो दिवस टाळावा, कारण पाणी न पिता ही गोळी घेताच येत नाही. पट्टीवर प्रत्येक गोळीशेजारी पेनानं तारीख टाका. एखादा वार चुकला तर आठवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एक गोळी घ्या आणि पुढे नेहमीच्या वारावर या. चुकलेली भरून काढायला एका दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात आणि इतरही पुष्कळ गावांत बोअरचं पाणी जड असतं. पाणी तापवायच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, आतून पांढरा थर चढत असेल तर त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर आहे असं समजा. हेच क्षार अलेंड्रोनेटला धरून ठेवतात आणि ते शोषलं जात नाही. म्हणून त्या एका पेल्यासाठी आरओचं पाणी आदल्या रात्रीच झाकून ठेवा. बाटलीबंद पाण्यात मुद्दाम खनिजं घातलेली असतील तर तेही नको. उकळल्यानं पाणी निर्जंतुक होतं, पण सगळा जडपणा जात नाही.

गोळी सुरू करण्याआधी दोन तपासण्या झाल्याच पाहिजेत. पहिली मूत्रपिंडाची. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाचा रक्त गाळायचा वेग, मिनिटाला ३५ मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर हे औषध देत नाहीत. इथे फसगत होते, कारण लॅबच्या कागदावर नुसतं क्रिएटिनिन असतं. त्यावरून हा वेग असा काढा : १४० मधून वय वजा करा, किलोतल्या वजनानं गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन यानं भागा. बाईसाठी आलेल्या उत्तराला ०.८५ नं गुणा. उदाहरण घेऊ : वय ७२, वजन ४२ किलो, क्रिएटिनिन १.१. कागदावर हा आकडा कुणाला खटकणार नाही, पण उत्तर येतं ३१ च्या आत. अशा बाईला ही गोळी योग्य नाही. किडकिडीत म्हाताऱ्या माणसांत हे सर्रास घडतं, आणि ज्या गावांत मूत्रपिंडाचे रुग्ण जास्त दिसतात तिथे तर डॉक्टरांना हा हिशेब करायला जरूर सांगा.

दुसरी तपासणी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची. रक्तातलं कॅल्शियम आधीच कमी असेल तर अलेंड्रोनेटनं ते आणखी घसरतं. ओठांभोवती मुंग्या येतात, हातापायांत गोळे येतात. आधी कमतरता भरायची, मग ही गोळी. त्यासाठी डॉक्टर बहुतेक वेळा ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्याला एक अशी काही आठवडे देतात. ही पुडी दुधातून चालते, अलेंड्रोनेट चालत नाही. दोन्ही ‘आठवड्याची’ म्हणून घरचे लोक एकाच रविवारी एकाच दुधाच्या पेल्यासोबत देतात आणि हाडाची गोळी फुकट जाते. दोघींचे वार वेगळे ठेवा. पुडी स्वतःच्या मनानं महिनोन्‌महिने चालू ठेवू नका, ड जीवनसत्त्व अंगात साठतं आणि कॅल्शियम प्रमाणाबाहेर वाढतं. काही कंपन्यांच्या पट्टीत अलेंड्रोनेटसोबत ड जीवनसत्त्वही असतं. तशी पट्टी मिळाली तर पुडीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा.

रोजची कॅल्शियमची गोळी, रक्तवाढीची लाल गोळी आणि ॲसिडिटीचं पातळ औषध ही तिन्ही अलेंड्रोनेटपासून दूर ठेवा. त्या दिवशी ती दुपारच्या जेवणाच्या वेळी घेतली की प्रश्न मिटतो. थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच असते. दोन्ही एकदम घेऊ नका, क्रम डॉक्टरांकडून लिहून घ्या. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी रोज चालू असेल तर तेही सांगा, कारण अशा गोळ्या जठराला वेगळा त्रास देतात.

ही गोळी कुणी घेऊच नये? ज्यांची अन्ननलिका अरुंद आहे, ज्यांना गिळायला अडकतं, आणि ज्यांना अर्धा तास ताठ बसणं जमत नाही त्यांनी. मणके दबून पार वाकलेल्या आजीला ताठ बसताच येत नसेल तर हट्ट करू नका. आणि गोळी सुरू असताना गिळताना दुखलं, छातीच्या हाडामागे नवी जळजळ सुरू झाली किंवा असलेली वाढली तर पुढची गोळी न घेता दवाखाना गाठायचा. ‘गॅस असेल’ म्हणून आठ-आठ दिवस काढू नका.

दातांचंही आहे. या औषधामुळे क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून बरं होत नाही, बहुधा दात काढल्यानंतर. आठवड्याच्या गोळीत हे फारच विरळा आहे, पण खर्रा-तंबाखूमुळे हिरड्या खराब झालेल्या तोंडात धोका वाढतो. किडके दात गोळी सुरू होण्याआधी दाखवून घ्यावेत आणि नंतर दात काढायची वेळ आली तर डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचं आधी सांगावं.

खरेदी करताना पट्टी कापून घेऊ नका. कात्री लावली की नाव आणि मुदत दुसऱ्या तुकड्यावर जाते, आणि सुट्या गोळीचं घरी काय होतं तर ती रोजच्या डब्यात पडते आणि रोज घेतली जाते. या औषधात ती चूक मोठी आहे. बिल मागा, पट्टीवर ७० हा आकडा वाचा. हेच औषध रोज घ्यायच्या १० मिलिग्रॅमच्या आणि आठवड्याला घ्यायच्या ३५ मिलिग्रॅमच्या गोळीतही येतं, त्यामुळे चिठ्ठीशी ताडून पाहिल्याशिवाय दुकान सोडू नये. जनऔषधी केंद्र जवळ असेल तर तिथे आधी विचारा.

गोळी जमत नसेल तर पर्याय आहेत. रिसेड्रोनेट ३५ आठवड्याला एक, नियम जवळपास हेच. आयबॅन्ड्रोनेट १५० महिन्यातून एकदा, पण ताठ राहायचं पूर्ण एक तास. झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिलिग्रॅमचं सलाइन वर्षातून एकदा लावतात. ते पंधरा मिनिटांहून कमी वेळात सोडायचं नसतं, आधी पाणी भरपूर प्यायचं, आणि पुढचे दोन-तीन दिवस ताप-अंगदुखी येऊ शकते. दर आठवड्याचा नेम ज्या घरात पाळला जाणार नाही तिथे आम्ही गोळीपेक्षा हेच सुचवू, अर्थात मूत्रपिंडाची अट याला तीच आहे. डेनोसुमॅबचं ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असतं. मूत्रपिंड अशक्त असतानाही ते देता येतं, पण रक्तातलं कॅल्शियम जपून. ते पेरणी किंवा सोयाबीन काढणीपायी दोन-तीन महिने पुढे ढकलणं धोक्याचं, कारण असर उतरताच हाड झपाट्यानं झिजतं आणि एकापाठोपाठ मणके दबू शकतात.

चंद्रपूर-यवतमाळकडच्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. तिथल्या अनेक गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. एका लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर गेलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की दातांवर तपकिरी पट्टे येतात, पाठ आणि मान आखडते. या आजारात हाड दाट होतं, त्यामुळे हाडाची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत ती चांगलीच दिसते, तरीही ते हाड ठणठणीत नसतं. अशा दुखण्यावर अलेंड्रोनेट हा उपाय नाही. आधी पाण्याचा स्रोत बदलायला हवा.

शेवटी मुदतीबद्दल. हे औषध हाडात वर्षानुवर्षं टिकून राहतं, म्हणून साधारण पाच वर्षांनी ते थांबवायचं का यावर डॉक्टर पुन्हा विचार करतात. खुबा किंवा मणका आधी मोडलेल्यांना ते पुढेही चालू ठेवतात. दीर्घकाळ घेणाऱ्यांत क्वचित मांडीचं हाड मधोमध, किरकोळ धक्क्यानं मोडतं. त्याआधी काही आठवडे किंवा महिने मांडीत अथवा जांघेत मंद ठणका असतो, जो वावरात चालताना वाढतो. असं दुखणं मालिशवर न सोपवता मांडीचा एक्स-रे काढायला सांगा, आणि दुखत नसलेल्या पायाचाही काढा, कारण बऱ्याचदा तडा दोन्हीकडे निघतो.