प्लॅन २०० चा, स्पीड ९४: शेवटी टीपी-लिंकचं टीजी-३४६८ लॅन कार्ड घातलं

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी फायबर घेतलं, २०० एमबीपीएसचा प्लॅन. कंपनीची पोरं आली, बाहेरच्या खोलीत ओएनटी (फायबरची तार ज्यात येते तो नेटचा डबा) बसवला, मोबाईलवर टेस्ट करून १९० च्या वर दाखवलं आणि गेली. पण माझा डेस्कटॉप आतल्या खोलीत, मधे जुन्या घराच्या दोन जाड भिंती, वायफायचा डोंगल लावला तर कधी १५ कधी २५, म्हणून लॅन केबल ओढून घेतली तर स्पीड आलं ९४. सकाळी ९४, रात्री बाराला पण ९४च.

माझं काम लग्नाच्या फोटोंचं. एका लग्नाचे ४० जीबी पार्टीला पाठवायचे म्हणजे ९४ नं तास जातो, २०० मिळालं तर अर्ध्या तासात मोकळा. कस्टमर केअरला फोन लावला तर म्हणाले वरचा प्लॅन घ्या, आणि खरं सांगतो, मी घेणारच होतो.

हा ९४ चा आकडा लक्षात ठेवा. १०० च्या लिंकवर डेटाच्या पॅकेटांचं स्वतःचं ओझं वजा जाऊन हातात साधारण ९४ च पडतं, म्हणजे लाईन नाही अडकलेली, मधली कुठली तरी वस्तू १०० ची आहे. विंडोजमध्ये इथरनेटचं स्टेटस उघडलं तर तिथं सरळ लिहिलेलं, स्पीड १००.० एमबीपीएस. आता दोष केबलचा का पोर्टचा? गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० चं काम चार तारांवर भागतं, त्यामुळं क्रिंपिंग करताना, म्हणजे केबलच्या टोकाला पिन बसवताना, बाकीच्या चारातली एखादी तार नीट बसली नाही तरी नेट चालू राहतं, नुसतं १०० वर येतं आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. भाच्याचा लॅपटॉप आणून तीच केबल लावली, १.० जीबीपीएस दिसलं. केबल चोख. माझ्या जुन्या मदरबोर्डचा पोर्टच १०० चा निघाला.

राजारामपुरीत एका दुकानात गेलो, तिथल्या दादांनी आधी विचारलं कॅबिनेट मोठं का बारकं, आत पीसीआय एक्सप्रेसचा छोटा स्लॉट, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड खोचायची खाच, मोकळा आहे का. यूएसबीचा लॅन ॲडाप्टर पण होता, पण माझ्याकडं यूएसबी २.० च, त्याची कागदावरची मर्यादाच ४८०, उद्या प्लॅन वाढवला तर परत तीच रड, म्हणून त्यांनीच सांगितलं आत बसणारं लॅन कार्ड घ्या, म्हणजे गिगाबिटचा नवा पोर्ट मिळतो. महागडं गळ्यात मारलं नाही याचं मला लई बरं वाटलं. कार्ड हजाराच्या आत बसलं.

बसवायला दहा मिनिटं पण नाही लागली. लाईटची वायर काढायची, कॅबिनेट उघडायचं, मागची पत्री काढून कार्ड दाबून बसवायचं, एक स्क्रू. विंडोज १० नं आपोआप ओळखलं, ड्रायव्हर शोधत बसावं लागलं नाही. केबल जुन्या पोर्टमधून काढून कार्डात लावायची तेवढी विसरू नका. पहिली टेस्ट १९२! नाद खुळा. तेव्हापासून रोज वापरतोय, एकदा पण तुटलं नाही.

पण हे कार्ड सगळ्यांना लागेलच असं नाही. स्वस्तातल्या बऱ्याच राउटरांवर मोठ्या अक्षरात ३०० लिहिलेलं असतं, तो आकडा वायफायचा, मागचे लॅन पोर्ट १०० चेच असतात, तसा राउटर असला तर कार्ड घालून काही फरक पडणार नाही, आधी राउटर बदला. आणि केबल घेताना तांब्याचीच मागा. ब्लेडनं तार खरवडून बघा, आत पांढरी चकाकली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे, दोनदा वाकवली की तुटते. घरासाठी कॅट ५ई प्रकारची केबल सुद्धा पुरते, १०० मीटरपर्यंत गिगाबिट देते, कॅट ६ घेतली तर उत्तमच. लाईटच्या वायरिंगच्या त्याच पट्टीतून तेवढी ओढू नका.

आता राहिलाय ओएनटीचा मिनी यूपीएस, म्हणजे लाईट गेली तरी तो चालू ठेवणारी छोटी बॅटरी. आमच्यात पावसाळ्यात लाईट सारखी जाते-येते आणि अपलोड मधेच तुटतं. घेताना ॲडाप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि ॲम्पियर बघून घ्या, माझा १२ व्होल्टचा आहे.