चिंगीची शेकपट्टी, जॅकेट आणि बाजलं : चार महिने वापरल्यावर

आमची चिंगी गावठी कुत्री, वय १२ वर्षं. आम्ही निफाड तालुक्यात मळ्यात राहतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा तापमानाचा आकडा रोज सकाळी ज्यांच्या फोनवर येतो, त्यांना इथला गारठा वेगळा सांगायला नको. पारा ५-६ अंशांवर उतरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, आणि त्या विझत आल्या की मळ्यातली कुत्री राखेत वेटोळं करून झोपतात. मागच्या हिवाळ्यात चिंगीचा पंजा असाच राखेखालच्या निखाऱ्यावर पोळला. त्यात मागच्या पायांना संधिवात. सकाळी उठायला जायची, मागचं अंग उचलायचं नाही, मग आमच्याकडे बघत तशीच बसून राहायची. ते बघवेना. म्हणून यंदा नोव्हेंबरात तिला रात्री घरात घेतलं आणि तीन वस्तू केल्या.

पहिली विजेची शेकपट्टी. ऑनलाइन १,४५० रुपयांना मिळाली. दीड फूट लांब, तेवढीच रुंद, कुत्र्याने चावू नये म्हणून वायरीवर धातूची नळी. पंधरा मिनिटांत कोमट होते, हाताला कधीच चटका लागत नाही. चिंगी पहिल्याच रात्री तिच्यावर पाय पसरून झोपली. एरवी ती हिवाळाभर नाक शेपटीत खुपसून झोपते, त्यामुळे मला फार बरं वाटलं.

दीड महिना सगळं छान चाललं. जानेवारीत एका रात्री कडाका होता म्हणून मी पट्टी चालू ठेवून चिंगीच्या अंगावर वरून घोंगडी टाकली. सकाळी उजव्या खुब्यावर, जिथे हाड वर आलंय आणि केस विरळ झालेत, तिथे रुपयाएवढा लालभडक चट्टा. बोट लावलं तर कळवळली. डॉक्टरांनी सांगितलं की कमी उष्णता तासन् तास एकाच जागी लागत राहिली तरी कातडी भाजते. तरणं कुत्रं गरम झालं की उठून बाजूला होतं, पाय धरलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला ते जमत नाही. वरून पांघरूण घातलं की उष्णता कोंडते. जखम भरायला दोन आठवडे गेले. पट्टीसोबत आलेल्या कागदावर याबद्दल एक ओळ नाही, याचा मला आजही राग येतो. जी वस्तू म्हाताऱ्या जनावरांसाठी म्हणून विकता, तिच्यावर हे ठळक अक्षरात हवं.

आता झोपण्याआधी अर्धा तास अंथरूण गरम करून घेते आणि चिंगी आडवी झाली की प्लग काढते. पट्टी अंथरुणाच्या अर्ध्याच भागात, जाड गोधडीखाली. एवढ्यापुरती ती चांगली आहे. रात्री वीज गेली तरी मग काही अडत नाही.

खरा फरक पडला तो बाजल्याने, आणि ते सगळ्यात स्वस्त. गावातल्या सुताराने जुन्या लाकडाचं ७०० रुपयांत करून दिलं, वर नवार विणली. आधी सहा इंच उंच होतं, चिंगीला चढता येईना, मग पाय कापून चार इंच केलं. शहाबादी फरशी अंगातली ऊब ओढून घेते, आणि पोतं अंथरलं तर पहाटेपर्यंत सादळतं. बाजल्यावर सासूबाईंची जुनी घोंगडी घातली. दहा-बारा दिवसांत चिंगी सकाळी पहिल्याच प्रयत्नात उठायला लागली. डॉक्टरांची सांधेदुखीची गोळी त्याच सुमारास सुरू झाली होती, तेव्हा सगळं श्रेय बाजल्याला देणार नाही. (आपल्या घरातली दुखण्याची गोळी कुत्र्या-मांजरांना देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.)

जॅकेट दोन घेतली, कारण एक दवात भिजतंच. ओलं जॅकेट अंगावर ठेवण्यापेक्षा उघडं अंग बरं. माप मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत आणि छातीच्या घेराचं घ्या, वजनावरून घेऊ नका. पहिलं जॅकेट मी तसं वजनावरून घेतलं आणि ते चिंगीच्या बगलेत काचलं. जॅकेटच्या चिकटपट्टीत (वेल्क्रोत) केस अडकून ती महिन्याभरात धरेनाशी झाली होती, जुन्या दातघासणीने विंचरल्यावर परत धरू लागली. दिवसातून एकदा जॅकेट काढून अंगावरून हात फिरवतेच.

पाण्याचं माझ्या उशिरा लक्षात आलं. स्टीलच्या भांड्यातलं पाणी सकाळी बर्फासारखं असायचं, चिंगी जीभ लावून मागे फिरायची. कोमट करून तीनदा ठेवलं तर भांडं रिकामं करते. आणि आमच्यासारख्या बागायतदारांनी हंगामात खाली पडलेले द्राक्षमणी आणि बेदाणा कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नये, त्याने त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

पुढच्या हिवाळ्याआधी नवार घट्ट करून घ्यायची आहे, मधे झोळ पडलाय. ऊन वाढलं तरी चिंगी बाजलं सोडत नाही, म्हणून तेच आता पडवीत सावलीला हलवलंय.