कार्बन की आरओ? आधी पाणी तपासा

नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो, एवढीच तक्रार असेल तर कार्बन फिल्टर पुरतो. क्लोरीन आणि त्यातून तयार होणारी ट्रायहॅलोमिथेन्स ही संयुगं कार्बन शोषून घेतो, वीज लागत नाही, पाणीही वाया जात नाही. मात्र विरघळलेले क्षार, नायट्रेट, फ्लोराइड त्यातून सरळ पार होतात. फिल्टरमधलं कार्ट्रिज वेळेवर बदललं नाही तर त्यातच जिवाणू वाढतात, हे मात्र विसरू नका.

आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) म्हणजे दाब देऊन पाणी पातळ पटलातून गाळणं; हे पटल आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट, शिसं बहुतांशी अडवतं. त्यासाठी बरंच पाणी मोरीत जातं, शिवाय कॅल्शियम-मॅग्नेशियमही निघून जातं. पाणी मुळात गोडं असेल तर हा खटाटोप मला पटत नाही.

टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते दाखवणाऱ्या उपकरणावर, विसंबून आरओ घेणाऱ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं: जागतिक आरोग्य संघटनेनुसार शिशाची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे, आणि इतकं सूक्ष्म प्रमाण त्या मीटरला दिसतच नाही. जुने शिशाचे पाइप असतील तर प्रयोगशाळेतच तपासणी करा. अहवालात शिसं किंवा आर्सेनिक निघालं, तर मात्र आरओच घ्या.