स्क्रीनवर ४.२०, मीटरवर ४.३१ : बनावट लायपो चार्जरचा अनुभव

लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगली की दोष बॅटरीच्याच माथी मारला जातो. आपटली असेल, जास्त पिळली असेल, जुनी झाली असेल. माझी पहिली बॅटरी फुगली तेव्हा विक्रेत्यानेही हेच ऐकवलं आणि वर नवी बॅटरी घ्यायचा सल्ला दिला. बॅटरी निर्दोष होती. दोष त्यानेच विकलेल्या चार्जरचा होता, आणि तो चार्जर बनावट होता. रिमोटवरची विमानं, गाड्या, बोटी चालवणाऱ्यांसाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण इथली फसवणूक पैशांवर थांबत नाही. प्रमाणाबाहेर चार्ज झालेली लायपो पेटू शकते, आणि पेटली की सावरायला वेळच देत नाही.

चार्जर एका नामांकित कंपनीच्या नावाने विकला गेला. खोका तसाच, रंग तसाच, बटणं तशीच, वर चमकणारा होलोग्रामही होता. घेण्याआधी मी विक्रेत्याला मेसेज करून सरळ विचारलं होतं की माल ओरिजिनल आहे का. ‘शंभर टक्के ओरिजिनल, कंपनीचा सील पॅक’ असं त्याचं लेखी उत्तर आलं. हा मेसेज पुढे फार कामाला आला, म्हणून तुम्हीही असा प्रश्न तोंडी विचारू नका, लिहून विचारा. किंमतही संशय यावा इतकी कमी नव्हती, अस्सल चार्जरपेक्षा जराशीच खाली होती. ‘खूप स्वस्त दिसलं तर सावध व्हा’ हा नेहमीचा सल्ला इथे उपयोगाचा नाही. हुशार भामटा किंमत मुद्दाम अस्सलच्या आसपास ठेवतो.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. थ्री-एस पॅक, म्हणजे एकापुढे एक जोडलेले तीन सेल, क्षमता २२०० एमएएच, चार्जिंग २.२ अँपिअरवर, म्हणजे वन-सी, क्षमतेच्या आकड्याइतकाच करंट. लायपोसाठी हा दर निर्धोक मानतात. सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स मोडमध्ये लावायचं, स्क्रीनवर तिन्ही सेल ४.२० व्होल्ट दिसले की काढायचं. तरीही काही दिवसांत पॅकची एक बाजू उशीसारखी वर आली. दुसऱ्या, अगदी नव्या पॅकचीही तीच गत होऊ लागली तेव्हा मात्र मी मल्टिमीटर काढला.

हे मोजमाप कसं केलं ते नीट सांगते, कारण ते प्रत्येकाला घरी करता येतं. मीटर डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजला ठेवला. लाल वायर व्होल्टच्या सॉकेटमध्येच आहे ना, हे आधी बघितलं. ती अँपिअरच्या सॉकेटमध्ये राहिली तर मीटरमधूनच बॅटरी शॉर्ट होते. थ्री-एस पॅकच्या पांढऱ्या बॅलन्स प्लगला चार तारा असतात, सेलच्या संख्येपेक्षा नेहमी एक जास्त. काळ्या तारेपासून पुढच्या तारेपर्यंत पहिला सेल, तिथून पुढच्या तारेपर्यंत दुसरा, मग तिसरा. दोन्ही टोकं एकमेकांना चिकटणार नाहीत अशी जपून धरायची. चार्जरने ‘फुल’ची शिट्टी दिली होती आणि स्क्रीनवर ४.२०, ४.२०, ४.२० असे आकडे होते. मीटरवर आले ४.१८, ४.२१ आणि ४.३१.

माझाच मीटर चुकत असेल म्हणून दुसऱ्या मीटरवर आणि बॅलन्स प्लगला लावायच्या छोट्या सेल चेकरवरही बघितलं. फरक शेवटच्या अंकात पडला, तिसरा सेल मात्र सगळीकडे ४.३० च्या वरच.

साध्या लायपो सेलची वरची मर्यादा ४.२० व्होल्ट असते. ‘एचव्ही’ लिहिलेले खास सेल ४.३५ पर्यंत नेता येतात, पण माझे ते नव्हते. मर्यादेपलीकडे ढकललं की सेलमध्ये लिथियम धातूच्या रूपात साठू लागतं, आतलं इलेक्ट्रोलाइट विघटित होऊन वायू तयार होतो. पॅक फुगतो तो या वायूमुळे. असा सेल दरवेळी थोडाथोडा बिघडत जातो आणि एखाद्या दिवशी आतल्या आत शॉर्ट होतो.

चार्जर असा का चुकला, याचं उत्तर मिळालं तेव्हा माझा संताप आणखी वाढला. बॅलन्स प्लगवरचे व्होल्टेज काळ्या तारेपासून चढत जातात. पूर्ण चार्ज असताना पहिल्या तारेवर ४.२, दुसरीवर ८.४, तिसरीवर १२.६. साधं सर्किट हे आकडे रेझिस्टर लावून कमी करून मोजतं आणि वजाबाकीने एकेक सेल काढतं. वरच्या तारेच्या मोजमापात एक टक्का चूक झाली की ०.१२६ व्होल्टचा घोटाळा, आणि तो सगळाच्या सगळा वरच्या सेलवर. चांगली कंपनी अचूक रेझिस्टर वापरते आणि प्रत्येक चार्जर कारखान्यात मोजून, दुरुस्त करून बाहेर पाठवते. नकली माल बनवणारा नेमका हाच खर्च वाचवतो, कारण तो गिऱ्हाइकाला दिसत नाही. स्क्रीन तशीच उजळते, मेनू तसाच चालतो. चार्जर बॅलन्सिंगही मन लावून करत होता, फक्त चुकीच्या मोजमापावर. म्हणजे समान असलेले सेल तोच असमान करत होता.

यानंतर मी बाकीच्या वस्तू तपासल्या. सोबत आलेल्या ॲडॉप्टरवर छापलं होतं १२ व्होल्ट, ५ अँपिअर. गुणाकार केला की ६० वॅट. खोक्यावर मात्र चार्जिंगची ताकद ८० वॅट लिहिलेली. ६० वॅट आत जाऊन ८० बाहेर येणार कुठून? उलट रूपांतरात काही वॅट उष्णतेत जातात. त्यातून हा ॲडॉप्टर ६० वॅटही पेलत नव्हता. मोठा पॅक लावून करंट वाढवला की स्क्रीन मिचकायची आणि चार्जर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. हातात घेतल्यावर ॲडॉप्टर रिकाम्या डबीइतका हलका लागायचा. घरच्या विजेला जोडायची वस्तू अशी असेल तर चार्जर अस्सल असला तरी ती वापरू नका.

होलोग्रामखाली खरवडून बघायचा कोड होता. तो कंपनीच्या साइटवर टाकला तर कोड खरा निघाला, पण यापूर्वी अनेकदा तपासलेला. अस्सल खोक्यावरचा एकच कोड उचलून सगळ्या नकली खोक्यांवर छापायचा, अशी ही युक्ती. म्हणून ‘कोड बरोबर आहे’ एवढंच वाचून थांबू नका. तो याआधी कधी तपासला गेलाय हेही तिथे लिहिलेलं असतं, तो मजकूर महत्त्वाचा. मी कंपनीला चार्जरच्या मागच्या बाजूचे आणि सिरियल नंबरचे फोटो पाठवले. हा माल आमचा नाही, असं त्यांनी लेखी कळवलं.

आकड्यांचा आणखी एक खेळ आहे आणि तो अस्सल चार्जरच्या जाहिरातीतही चालतो. ‘६ सेलपर्यंत, ६ अँपिअर, ८० वॅट’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, ६ सेलचा पॅक ६ अँपिअरवर चार्ज होईल. तसं होत नाही. सिक्स-एस पॅक भरत आला की २५.२ व्होल्टला पोचतो, आणि ८० वॅटला २५.२ ने भागलं तर जेमतेम ३.२ अँपिअर उरतात. ५००० एमएएचचा सिक्स-एस पॅक वन-सीने चार्ज करायचा तर १२६ वॅट लागतात. चार्जर निवडताना आधी आपला सर्वात मोठा पॅक बघा, त्याचा पूर्ण व्होल्टेज आणि हवा असलेला करंट यांचा गुणाकार करा, आणि चार्जर व ॲडॉप्टर दोघांचेही वॅट त्याहून जास्त आहेत ना ते पाहा.

नवा चार्जर आला की, कुठल्याही कंपनीचा असो, परत करायची मुदत आहे तोवर पहिल्याच चार्जला मीटर लावा. पॅक लहान आणि कमी सेलचा नको, जमल्यास तुमच्याकडचा सर्वात जास्त सेलचा घ्या, कारण चूक वरच्या सेलला दिसते. ०.०१ किंवा ०.०२ चा फरक मीटरचाही असू शकतो. ४.२३ च्या पुढे कुठलाही सेल गेला तर मी तो चार्जर ठेवणार नाही. चार्जरमधली वेळेची आणि एमएएचची मर्यादा सुरू ठेवा, म्हणजे मोजमाप चुकलं तरी निदान कुठेतरी चार्जिंग थांबेल. सेलचा प्रकार दरवेळी वाचून निवडा. लायफेचा (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल ३.६ व्होल्टच्या आसपास भरतो, त्याला लायपोच्या मोडमध्ये लावलं तर अस्सल चार्जरसुद्धा त्याचा घात करेल. चार्जिंग फरशीवर, जळाऊ सामानापासून लांब आणि आपण जागे, समोर असताना. न वापरायचे पॅक ३.८० ते ३.८५ व्होल्टच्या स्टोरेजवर ठेवा. आणि फुगलेला पॅक ‘अजून चालतोय’ म्हणून पुन्हा चार्जिंगला लावू नका, टोचूनही बघू नका.

विक्रेत्याने आधी माझा मीटर खोटा ठरवला. दुसऱ्या मीटरचे फोटो पाठवल्यावर, बॅटरी आमच्याकडची नाही म्हणून जबाबदारी नाही, असं म्हणाला. कंपनीचं पत्र पाठवल्यावर उत्तरंच बंद झाली. मग मी पेमेंट ज्यांच्यामार्फत केलं होतं त्यांच्याकडे तक्रार नोंदवली. त्याचा ‘ओरिजिनल’ वाला मेसेज, कंपनीचं पत्र, आणि चार्जरची स्क्रीन व मीटर एकाच चौकटीत दिसतील असा व्हिडिओ जोडला. हा व्हिडिओ निर्णायक ठरला, वेगवेगळ्या फोटोंवर विक्रेता वाद घालत बसला असता.

चार्जरचे पैसे परत आले, दोन्ही बॅटऱ्यांचे नाही. पैसे आल्याबरोबर विक्रेत्याचा मेसेज आला की चार्जर परत पाठवा. बनावट मालाच्या तक्रारीत तशी सक्ती नव्हती, आणि तो दुसऱ्या कुणाला विकला जाणार हे मला दिसत होतं. मी नकार दिला, चार्जरच्या तारा कापल्या आणि तो ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिला.